घर घेताना एजंट तुमच्या बाजूचा हवा: कोल्हापुरात तो कसा नेमायचा, त्याच्याकडून काय करून घ्यायचं आणि पैसे कधी द्यायचे

ताराबाई पार्कात फ्लॅट बघायला जाताना एजंट आपल्याच गाडीतून नेतो. चावी त्याच्याकडे, मालकाचा नंबर त्याच्याकडे, भाव त्याच्या तोंडून. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "साहेब, दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन टाका." हा माणूस नक्की कुणाचा, असा प्रश्न त्या वेळी सहसा कुणी विचारत नाही. तो मालकाचा असतो किंवा बिल्डरचा, आणि बऱ्याचदा फक्त व्यवहाराचा. व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, मोडला तर काहीच नाही.

हिशेबच करून बघा. ५० लाखांच्या फ्लॅटवर दोन्ही बाजूंनी एक-एक टक्का धरला तर एजंटला एक लाख मिळतात. तुम्ही घासाघीस करून किंमत दोन लाखांनी उतरवलीत तर तुमचे दोन लाख वाचतात आणि त्याचे चार हजार जातात. पण तुम्ही कागदांत खोट काढून मागे फिरलात तर त्याचा लाख बुडतो. मग तुम्हाला लवकर सही करायला लावण्यात त्याचा फायदा आहे की भाव पाडण्यात, हे वेगळं सांगायला नको. यात तो वाईट माणूस असायची गरज नाही. त्याचं गणितच तसं आहे.

नव्या स्कीममध्ये "आमचं कमिशन बिल्डर देतो, तुम्हाला काही खर्च नाही" असं सांगणारा एजंट भेटतो. बिल्डर जे देतो ते दरात धरलेलं असतं. शिवाय ज्या स्कीमला जास्त कमिशन, तीच तुम्हाला आधी दाखवली जाते. म्हणून स्वतःचा एजंट नेमायचा म्हणजे आणखी एक माणूस मध्ये आणायचा नाही. फी तुम्ही द्यायची, ती व्यवहाराच्या आकड्याला बांधलेली नसावी, आणि समोरून एक रुपयाही न घेण्याचं त्याने लिहून द्यावं.

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. तिथे १७ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक एजंटांना घर दाखवायच्या आधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात फीचा नेमका आकडा लिहावा लागतो. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण तसा करार करायला कायद्याची आडकाठीही नाही.

आधी ठरवा: एजंट लागतो का?

नात्यातल्या माणसाचा फ्लॅट त्याच इमारतीत राहून दहा वर्षं बघितला असेल तर एजंट कशाला? चांगला वकील पुरे. वकील आणि एजंट यांपैकी एकाचेच पैसे परवडत असतील तर वकीलच नेमा. यावर वाद नको.

एजंट खरा उपयोगी पडतो तो तीन प्रसंगी. तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहात आणि आईवडिलांसाठी कोल्हापुरात घर बघताय. किंवा पेठेतली जुनी मिळकत घ्यायची आहे आणि उताऱ्यावर आजोबांपासूनची नावं आहेत. किंवा पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी अशा महापालिका हद्दीबाहेरच्या भागात प्लॉट किंवा रो-बंगला बघताय. या ठिकाणी धावपळ, तपास आणि माणसांना शोधून काढणं हेच निम्मं काम असतं.

एजंट निवडताना

रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. तो २०१६ चा, महाराष्ट्रात तो १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. कलम ९ प्रमाणे रेराच्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला-घ्यायला मदत करणाऱ्या एजंटाची नोंदणी लागते. नोंदणी नसताना काम केलं तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये दंड बसतो आणि तो मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. महारेराने (राज्याचं रेरा प्राधिकरण) जानेवारी २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, २०२४ पासून त्याचं प्रमाणपत्र लागतं. एजंटाचा नोंदणी क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. नंबर नुसता ऐकू नका, महारेराच्या वेबसाइटवर टाकून नाव आणि मुदत दोन्ही ताडून बघा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या इमारतीतला, रेरात नसलेला फ्लॅट दुसऱ्या हाताने विकला जात असेल तर त्या व्यवहाराला रेराचं एजंट-कलम सहसा लागत नाही. म्हणून तिथे एजंटाशी झालेला करार हाच तुमचा आधार. तरीही नोंदणी असलेलाच एजंट घ्या. परीक्षा दिलेला माणूस निदान कागदांची नावं तरी बरोबर सांगतो.

भेटीत त्याला तीनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात या भागात कोणते व्यवहार केलेत, त्यातल्या दोन खरेदीदारांशी बोलता येईल का? तुम्ही कुठल्या बिल्डरकडून कमिशन घेता? आणि एखादं घर तुम्ही गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणून सांगितलं आहे का, का सांगितलं? तिसऱ्या प्रश्नाला नाव-गाव न सांगता का होईना, खरं कारण सांगणारा माणूस कामाचा. "आमच्याकडे सगळं क्लिअरच असतं" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

करार: दोन पानं पुरतात

तोंडी ठरवलं की पुढे "आपलं ठरलं होतं की" सुरू होतं. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर साधा करार करा. मुदत ४ ते ६ महिने. कोणत्या भागात, किती किमतीपर्यंत, किती कार्पेट क्षेत्राचं (म्हणजे आतल्या, प्रत्यक्ष वापरायच्या जागेचं) घर, हे लिहा.

फी टक्क्यात नको, ठोक आकड्यात हवी. बजेट ५० लाख असेल आणि भाव एक टक्क्याचा चालू असेल तर ५० हजार असंच लिहा. घर ४५ ला मिळालं तरी ५० हजार, ५५ ला गेलं तरी ५० हजार. किंमत कमी करण्यात त्याचं नुकसान होता कामा नये. उत्तेजन द्यायचंच असेल तर विक्रेत्याने पहिल्यांदा सांगितलेल्या किमतीवरून जे कमी होईल त्याचा १० टक्के बोनस लिहा. पण पहिली किंमत विक्रेत्याच्या मेसेजवर किंवा पत्रावर असायला हवी, नाहीतर ६० सांगून ५५ ला आणल्याचं नाटक होतं. एजंट जीएसटी नोंदणीचा असेल तर त्याच्या फीवर १८ टक्के वेगळे लागतात, ते फीत धरलेत की वर, तेही लिहा.

हप्ते कामाला बांधा. सुरुवातीला पंधरा-वीस टक्के, नोंदणीकृत करार झाल्यावर निम्मे, आणि उरलेले शेवटी, उताऱ्यावर आणि घरफाळ्यावर तुमचं नाव लागल्यावर. हा शेवटचा हप्ता खूप महत्त्वाचा. खरेदी झाल्या दिवशी पूर्ण पैसे दिले की नाव लावायच्या फेऱ्या तुम्हीच मारता.

विक्रेता, बिल्डर किंवा बँक यांच्याकडून एजंटाने कमिशन घ्यायचं नाही, तरीही कसलं मिळालंच तर ते लेखी कळवायचं आणि तुमच्या फीतून वजा करायचं, हे कलम ठळक घाला. भारतीय करार कायदा १८७२ इथे तुमच्या बाजूने आहे. कलम २१३ प्रमाणे एजंटाने मागितल्यावर हिशेब द्यायचा असतो. कलम २१५ आणि २१६ प्रमाणे त्याने तुम्हाला न सांगता तुमच्या कामात स्वतःसाठीच व्यवहार केला तर तो व्यवहार काही परिस्थितीत तुम्हाला नाकारता येतो आणि त्यातला फायदा मागता येतो. पण तो "तुमचा एजंट" होता हे कागदावर असेल तरच. सगळा उपद्व्याप त्यासाठीच.

टोकन, विसार, किमतीचा कुठलाही भाग त्याच्या खात्यावर जाणार नाही, असंही लिहा. पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यावर, चेकने किंवा बँकेतून.

पहिलं काम: भावाचा पुरावा

वर्तमानपत्रातला किंवा अॅपवरचा भाव म्हणजे मागणी. झालेले भाव दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून सूची-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, फुकट बघता येते. तुमच्या एजंटाने त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या दोन इमारतींतले मागच्या दोन वर्षांचे किमान पाच व्यवहार काढून द्यावेत: तारीख, क्षेत्र, मोबदला, बाजारमूल्य. त्याला हे काढता येत नसेल तर त्याला फी कशाची द्यायची?

सूची-२ मधला आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा कमी असतो, कारण काही रक्कम रोख झालेली असते. म्हणून एकाच नोंदीवर भिस्त ठेवू नका. पाचांत दोन फार कमी आणि तीन जवळपास सारखे असतील तर तिघांवर विश्वास ठेवा. आणि तुमच्याकडे कुणी रोखीची मागणी केली तर तुमच्या एजंटानेच 'नाही' म्हणायला हवं. रोख दिलेल्या रकमेवर कर्ज मिळत नाही, पुढे विकताना ती खरेदी किमतीत धरता येत नाही, आणि व्यवहार मोडला तर परत मागायला कागद नाही.

दर तपासताना क्षेत्राचा घोळ आधी सोडवा. एक बिल्डर ४,८०० चा दर सांगतो, विक्रीयोग्य क्षेत्र (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून) १,१५० चौरस फूट, किंमत ५५.२० लाख. रेरा कार्पेट मात्र ८०० भरतं. दुसरा ५,००० चा दर सांगतो, विक्रीयोग्य १,०८०, किंमत ५४ लाख, कार्पेट ८१०. कार्पेटवर दर काढला तर पहिला ६,९०० पडतो आणि दुसरा सुमारे ६,६६७. 'स्वस्त' वाटणारा महाग निघाला. रेरा कार्पेटमध्ये आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. एजंटाकडून प्रत्येक घराचा कार्पेट दर एका कागदावर मागा. टेप घेऊन एक खोली तरी स्वतः मोजा. कागदावर चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणा.

पाणी कुठपर्यंत येतं

कोल्हापुरात घर घेताना हा प्रश्न स्वयंपाकघराच्या टाइल्सआधी विचारायचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. त्याआधी १९८९ आणि २००५ चे पूर आहेतच. सुतारवाडा, शुक्रवार पेठ, व्हीनस कॉर्नरचा परिसर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, रमणमळा या भागांत पाणी शिरल्याचं लोकांना तोंडपाठ आहे. नदीपासून लांब असलेल्या जागाही जयंती नाल्याच्या फुगवट्याने बुडतात. म्हणून "नदी कुठं जवळ आहे?" हे उत्तर नव्हे.

एजंटाकडून करून घ्यायचं ते असं. नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा आणायचा, त्यावर मिळकत निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला येते ते दाखवायचं. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. त्यानंतर त्याच गल्लीतल्या दोन जुन्या घरांत जाऊन २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं ते विचारायचं आणि फोटो काढायचे. भिंतीवर खुणा बऱ्याच ठिकाणी अजून आहेत.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी सुटका नाही. मीटरची खोली कुठल्या उंचीवर आहे, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जातं का, जमिनीखालच्या टाकीचं झाकण कितपत वर आहे, गाड्या कुठे न्यायच्या? मीटर बुडाले की वरचा फ्लॅट कोरडा राहूनही आठवडाभर अंधारात. हे विचारायचं भान ज्याला आहे तो एजंट खरंच कोल्हापुरातला.

कागद: कोणता उतारा, कुणाचं नाव

शहराच्या गावठाणात आणि सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका बघायची. तिच्यावर वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर (सि.स.नं.) असतो: शिवाजी पेठ ए वॉर्डात, राजारामपुरी, शाहूपुरी ई वॉर्डात. उपनगरांत आणि गावांत सातबारा आणि रिव्हिजन सर्व्हे नंबर (रि.स.नं.) येतो. जुन्या दस्तात रि.स.नं. आणि नव्यात सि.स.नं. असतो, तेव्हा दोन्ही एकच जमीन आहे हे मोजणी नकाशावरून जुळवावं लागतं. एजंटाने सगळे उतारे ऑनलाइन, डिजिटल सहीचे, अलीकडच्या तारखेचे काढून द्यावेत. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स चालत नाही.

पेठेतल्या वाड्याचं दुखणं वेगळं. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, त्यांना चार मुलगे, तीन मुली, त्यातले दोघं वारलेले. विकायला आलेला एक भाऊ म्हणतो, "सगळ्यांची संमती आहे." संमती म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच, त्यामुळे इचलकरंजीला किंवा बेळगावला दिलेल्या बहिणीची सही राहिली तर दहा वर्षांनी दावा येऊ शकतो. तुमच्या एजंटाने एका कागदावर वंशावळ लिहायची, प्रत्येक नावापुढे हयात की नाही, राहतात कुठे, सही कुठल्या दस्तावर आहे. मग तो कागद वकिलाकडे. वकील ३० वर्षांचा शोध घेऊन टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी स्वच्छ आहे का याचा अहवाल, देईल. वकील तुम्ही निवडलेला हवा. "आमच्याच वकिलांकडं सगळं होतंय" असं विक्रेत्याचा एजंट म्हणाला की हसून दुसरा वकील बघा.

इनामाच्या जमिनींकडे इथे जास्त बारकाईने बघावं लागतं, कारण जिल्ह्यात देवस्थानच्या जमिनी भरपूर आहेत. सातबाऱ्यावर 'देवस्थान इनाम' किंवा 'भोगवटादार वर्ग-२' दिसलं तर परवानगीशिवाय तो व्यवहार पुढे जाणार नाही. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा असं काहीबाही लिहिलेलं असतं. तो रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

हद्दीबाहेर गेलात की आणखी एक गाठ सोडवावी लागते. कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण २०१७ मध्ये ४२ गावांसाठी झालं. या गावांतल्या जुन्या लेआउटना कुणी मंजुरी दिली, हे बघायचं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे आणि बांधकाम परवानगीचाही नव्हे. बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट नकाशा, बांधकाम परवाना, पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला, ही साखळी सलग लागली पाहिजे. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे नुसत्या नोटरी कागदावर विकलेले प्लॉट बाजारात फिरतात. गुंठेवारी नियमित झाल्याचा आदेश नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम परवाना मिळत नाही. स्वस्त असतात, ते याच कारणाने. (१ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, १,००० नाही. तेवढ्यातही लोक फसतात.)

पाचगाव, मोरेवाडीकडे पाण्याचंही विचारा. नळ महापालिकेचा, ग्रामपंचायतीचा की बोअरचा? एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो का? उत्तर शेजाऱ्याकडून घ्या.

नव्या स्कीममध्ये एजंटाने काय बघायचं

प्रकल्प रेरात आहे का ते आधी. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा ८ पर्यंत फ्लॅट असलेल्या लहान इमारतींना नोंदणीतून सूट आहे, आणि पेठांतल्या-उपनगरांतल्या अनेक इमारती त्याच मापाच्या असतात. तिथे रेराचं संरक्षण धरून चालू नका, करार जास्त काळजीने वाचा. नोंदणी असेल तर महारेराच्या पानावर मंजूर नकाशा, काम कुठपर्यंत झालं, मुदत कितीदा वाढवली हे सगळं असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की तेच पान उघडतं.

नोंदणीकृत करार व्हायच्या आधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, रेरा कलम १३. मोकळं पार्किंग विकता येत नाही. झाकलेलं पार्किंग देत असतील तर त्याचा क्रमांक आणि माप करारात हवं, नाहीतर ताबा घेतल्यावर खांबाच्या आड गाडी लावावी लागते.

जीएसटीचा एक बारकावा कमी लोक सांगतात. बांधकाम चालू असलेल्या घराची सगळे आकार धरून एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर कर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. ४४.५० लाखांच्या घरावर ४४,५०० रुपये, ४५.५० लाखांच्या घरावर २,२७,५००. किंमत एक लाखाने वाढली, कर १ लाख ८३ हजारांनी. पार्किंग आणि इतर आकार धरून किंमत ४५ च्या जरा वर जात असेल तर तुमच्या एजंटाने बिल्डरशी नेमकी इथेच घासाघीस करायची. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घराला जीएसटी नाही.

बोलणी आणि टोकन

बोलणीत तुमचा वरचा आकडा एजंटालाही सांगू नका. तो तुमचा आहे, पण चहाच्या टपरीवर समोरचा एजंट त्याचा मित्र आहे. त्याला फक्त आजची ऑफर सांगा, आणि ती सूची-२ च्या कागदांसकट मांडायला लावा. भावाव्यतिरिक्त मागायच्या गोष्टी: थकलेला घरफाळा आणि पाणीपट्टी, सोसायटीची थकबाकी, महावितरणचं बिल, भिंतीत ओल असेल तर दुरुस्ती. वॉटरप्रूफिंगचा खर्च आधी एखाद्या कंत्राटदाराकडून लिहून आणला की किमतीतून तेवढी रक्कम कमी करणं सोपं जातं.

टोकन ११ हजार किंवा २१ हजार, चेकने, आणि पावतीवर एक ओळ: "टायटल रिपोर्ट स्वच्छ न आल्यास किंवा बँकेने मिळकतीच्या कारणाने कर्ज नाकारल्यास टोकन १५ दिवसांत परत." ही ओळ नसलेलं टोकन म्हणजे देणगी. त्यानंतरचं साठेखत, ज्याला इकडे बरेच लोक अजून संचकारपत्र म्हणतात, ते नोंदवलेलंच हवं. नोटरीच्या संचकारपत्रावर पाच-दहा लाख देणं हा या भागातला जुना आणि महागडा हट्ट आहे. तीच मिळकत दुसऱ्याला लिहून दिली की तुमच्या हातात फक्त दावा उरतो.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि मूळ कागदांची यादी एजंटाने आधी आणायची. पैसे थेट त्या कर्ज खात्यावर, विक्रेत्याच्या बचत खात्यावर नाही. विक्रेता मुखत्यारामार्फत सही करत असेल तर मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे ना आणि मूळ मालक हयात आहे ना, हे व्हिडिओ कॉलवर का होईना, बघाच.

खर्चाचा पूर्ण आकडा

तयार, दुसऱ्या हाताचा ४८ लाखांचा फ्लॅट महापालिका हद्दीत घेताना हिशेब साधारण असा. मुद्रांक शुल्क आणि स्थानिक कर मिळून ६ टक्के, म्हणजे २,८८,०००. फक्त महिलेच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत, म्हणजे २,४०,०००. नवऱ्याचं नाव बरोबर घातलं की सवलत गेली. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी) किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. सहकारी सोसायटी असेल तर हस्तांतरणासाठी ती २५ हजारांहून जास्त मागू शकत नाही. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर घोषणापत्राची प्रत आणि असोसिएशनचा दाखला घ्या. एजंट ४८ हजार, वकील वेगळा.

३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कर्ज ३८.४० लाख, घरचे ९.६० लाख, त्यावर शुल्क-नोंदणीचे ३.१८ लाख आणि एजंटाचे ४८ हजार. हातात सव्वातेरा लाखांहून जास्त हवेत. हा कागद एजंटाने पहिलं घर दाखवायच्या आधी तुमच्यासमोर ठेवायला हवा. किंमत ५० लाख किंवा त्याहून वर गेली तर विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारात भरायचा असतो, तो खरेदीदाराने. विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या माथी.

खरेदीच्या दिवशी आणि नंतर

एजंटाने आदल्या दिवशी दस्ताचा अंतिम मसुदा तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावा: चतुःसीमा, क्षेत्र, फ्लॅट क्रमांक, पार्किंग, पैसे दिल्याचे चेक क्रमांक. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी पडली की पुढे दुरुस्तीपत्र करावं लागतं. दुय्यम निबंधकाकडे पॅन, आधार, दोन साक्षीदार आणि मुद्रांकाचं चलान न्यायचं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो, पण इतकी वाट बघायचं काहीच कारण नाही.

ताबा घ्यायच्या दिवशी एजंटाला बरोबर ठेवा. सगळे नळ एकाच वेळी सोडा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून खालच्या फ्लॅटचं छत बघून या, प्रत्येक स्वीच दाबा. नव्या इमारतीत बांधकामाचा दोष ताब्यापासून ५ वर्षांत निघाला तर तुम्ही कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, रेरा कलम १४. म्हणून त्या दिवसाचे फोटो तारखेसकट ठेवा आणि दोषांची यादी बिल्डरला ईमेलवर पाठवा, व्हॉट्सअॅपवर नुसती नको.

मग राहिलेली नावं लावायची. सिटी सर्व्हे ऑफिसात किंवा तलाठ्याकडे फेरफार (मालकाचं नाव बदलल्याची नोंद), महापालिकेच्या घरफाळा विभागात अर्ज, पाण्याचं कनेक्शन, महावितरणचं मीटर, सोसायटीचा भागदाखला. फेरफार मंजूर होऊन नवीन उतारा हातात आला, त्यावर तुमच्या नावाचं शुद्धलेखन बरोबर आहे, आधारवरच्याच नावाशी जुळतं, आणि घरफाळ्याची पुढची पावती तुमच्या नावाने निघाली, की एजंटाचा राहिलेला हप्ता देऊन टाका आणि त्याच्याकडून फी पूर्ण मिळाल्याची पावती घ्या.